बशीचा घेर

मी आरेखक. पालिकेच्या बांधकाम विभागात
खिडकीजवळचं तिसरं टेबल.
जुन्या जकात नाक्याचा चौक माझ्या हातचा,
म्हणजे त्याचा नकाशा.
त्या दिवशी कंपास सापडेना,
साहेब दारात, सभा अकराला,
मी चहाची बशी कागदावर उपडी ठेवली
आणि पेन्सिल फिरवली.
नगरसेवकांना मधोमध कारंजं हवं होतं.
बशीत ते मावलं.

कारंजं दोन दिवाळ्या उडालं.
मग त्यात पाचोळा, गुटख्याच्या पुड्या,
एकदा एकच चप्पल.
घेर मात्र राहिला.

तासगावकडून बेदाण्याचे ट्रक,
मिरजेकडे धावणारी पेशंटची गाडी,
हळदीची पोती, वडाप, क्लास सुटलेली पोरं,
आणि दिवाळी सरली की ऊस:
एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या,
पुढची वळते, मागची हट्टाला पेटते.

पंक्चरवाले दस्तगीरचाचा
शटरच्या आतल्या अंगाला खडूने रेघा मारतात.
"ही पडल्याली. ही मोडल्याली."
आणि बाजूला, गेरूची, एकटी रेघ.
ती दामू कोष्ट्याची. सायकलवरून पेपर टाकायचा.
त्या शटरसमोर मी कधी फार वेळ थांबलो नाही.

यंदा कृष्णा चौकात आली,
गुडघाभर, तीन दिवस राहिली,
आणि जाताना सगळीकडे सारखा चिखल
सारवून गेली.
नव्या इंजिनिअर, तहसीन मुजावर,
पतपेढीच्या गच्चीवर चढल्या.
"काका, झाडूवाल्यांना सांगा, दोन दिवस येऊ नका."
सगळी सांगली धुवायला निघालेली,
आणि ह्या म्हणतात, राहू दे चिखल.

दोन दिवसांनी मलाही वर नेलं.
चाकांनी आपापल्या वाटा खरवडून काळ्या केल्या होत्या.
आणि जिथे कुणाचंच चाक जात नव्हतं
तिथे चिखल तसाच, वाळून भेगाळलेला:
एक तुकडा होडीसारखा,
एक करंजीसारखा, मुरड घातलेला.
"एवढी जागा गाड्यांनाही नको होती, काका.
आपणच देऊन बसलो."
मी छत्तीस वर्षं कागदावरून रस्त्यावर उतरत आलो.
ही बाई रस्त्यावरून कागदावर चढत होती.

ऊस सुरू झाला तेव्हा, पहाटे पाचला,
वाळूची पोती मांडली, फक्कीच्या रेघा ओढल्या,
बाबू मगदूमला दोन्ही ट्रॉल्यांसकट बोलावला.
पहिल्या फेरीत सात पोती फुटली.
बाबू खाली उतरून म्हणाला,
"बाई, मागली ट्रॉली माझ्या बापाचंबी ऐकत न्हाई."
बाई हसल्या. पोती हातभर मागे घेतली.
जिथे चाकाने फक्की पुसली
तिथे, म्हणाल्या, कठडा नको,
उतरती फरशी घाला, पाय टेकायला.
तिसऱ्या फेरीत एकही पोतं हललं नाही.
बाबूने उगीचच चौथी मारली.

"रस्ता बारका करून गर्दी कमी हुती व्हय?"
भडंगवाल्यापासून आमदारांच्या मेहुण्यापर्यंत
सगळ्यांनी विचारलं. मीही, मनात.
बशीच्या जागी वाटी आली,
येणाऱ्या चारी रस्त्यांची तोंडं आवळली.
गाड्या हळू झाल्या,
आणि हळू झाल्या म्हणून थांबेनाशा झाल्या.
हे मला अजून नीट कळलेलं नाही.
पौषात एक स्कूटर घसरलीच. चाचांनी खडू काढला.

बशी माझ्या खणात आहे.
पुढच्या महिन्यात टेबल रिकामं करायचं,
तिचं काय करावं, ठरत नाही.
कडेला पेन्सिलीचं शिसं अजून आहे असं वाटतं,
बोट फिरवून बघतो.

होडीसारख्या त्या तुकड्यावर आता फरशी आहे.
काल एक म्हातारी, हातात शेपूची जुडी,
अर्धा रस्ता ओलांडून तिथे उभी राहिली.
दम घेतला. पदर सारखा केला.
बाबूच्या दोन्ही ट्रॉल्या तिच्यासमोरून गेल्या,
तिने एक कांडं ओढूनही घेतलं.
मग उरलेला अर्धा.

चाचा शटर रंगवायला काढणार आहेत.
रंगाऱ्याला आतून दाखवून ठेवलंय,
इथून इथपर्यंत ब्रश लावायचा नाही.