उणे

एंडेलच्या एकोणीस वह्या टाइप करायला मला
ऑक्टोबर ते मार्च लागले.
हिउमा बेटावर त्या दिवसांत दुसरं असतं काय:
समुद्र गोठलेला, फेरी रडतखडत,
पक्षी-केंद्रातला हीटर एकाच पायाला ऊब देणारा.

त्याच्या खुणा त्याच्याच होत्या.
दुर्मीळ पक्ष्यापुढे चांदणी.
पायातल्या कडीच्या नंबराला चिकटून
दोन उभ्या दोन आडव्या रेघांची जाळी.
आणि तापमान, रोज, ओळीच्या अगदी सुरुवातीला:
उणे चिन्ह, जरा जागा, मग आकडा.
ती जागा कशाला, कधी विचारलं नाही.
बोटं बधिर होत असतील.

तार्मो म्हणाला, "मार्कडाऊनमध्ये ठेव, मावशी,
साधं लिहिणंच ते. एचटीएमएल नंतर होतं आपोआप."
त्याचा एडिटर दोन फाळ्यांचा,
डावीकडे मी लिहायचं,
उजवीकडे ते लगेच लग्नाला निघाल्यासारखं नटायचं.
ग्रंथालयातल्या हिल्येकडे बटणांचा होता.
फेरीचा मेकॅनिक राइवो: काळी खिडकी, एक आज्ञा, एंटर.
"इंजिनाला झालर कशाला?"

म्हटलं, तिघांचंही करून बघू.
वही सातवी, सत्त्याऐंशीचा जानेवारी.

तार्मोच्या उजव्या फाळीत उणे चिन्हं गेली,
जागी काळे गोल ठिपके,
वाण्याच्या यादीला असावेत तसे.
उणे एकोणतीसचं नुसतं एकोणतीस.
ज्या रात्री बदकं बर्फात पाय रुतून मेली
त्या रात्री भर उन्हाळा.

हिल्येच्या बटणवाल्यात कडीचे नंबर शीर्षकं झाले,
एका कुरवाचा नंबर
एंडेलच्या नावाहून मोठा.
राइवोच्या आज्ञेनं नंबर वाचले,
पण ओळी, जिचा तिचा दिवस असलेल्या,
एकमेकींत शिरल्या.
महिनाभराचा एक परिच्छेद.
(ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात म्हणे.
दिसत नाहीत. असाव्या लागतात.)

चूक कुणाचीच नव्हती.
जो तो आपल्या शाळेत शिकलेलं वाचत होता,
आणि एंडेल गेला तेव्हा
यातलं एकही साधन जन्मलेलं नव्हतं.

शेवटी राइवोची आज्ञा ठेवली.
लिहायला मात्र एक मठ्ठ एडिटर घेतला,
कशालाच न नटवणारा.
आणि प्रत्येक उणे चिन्हाआधी एक तिरकी रेघ टाकली, उलट्या अंगाची,
दाराला आतून टेकवलेल्या काठीसारखी:
याला हात लावायचा नाही.
सोळाशे बारा वेळा.
"एका फटक्यात बदलता येतं," तार्मो म्हणाला.
माहीत होतं.
मार्चमध्ये तशीही घाई कुणाला असते.

एकोणिसावी वही अर्धीच आहे.
शेवटच्या ओळीत तापमान नाही.
नोव्हेंबर, तारीख, पुढे चांदणी,
आणि पक्षी लिहिलेलाच नाही.

ती ओळ मी तिन्हींत घालून पाहिली, उगाच.
जोडीची दुसरी चांदणी नसली
की कोणी काही ठळक करत नाही, तिरपंही नाही.
तिघांनीही ती होती तशीच ठेवली.

तिच्याआधी मी काठी टेकवली नाही.