मरतुकीचा रकाना

सरकारी कागदावर 'वराह'.
पिंपळनेरच्या बाजारात कुणी विचारलं तर नुसतं 'जनावरं'.
दगाबाबा मात्र त्यांना नावं ठेवतो, खरोखरची नावं :
भोपळी, सटवी, लांबकानी, मामलेदारीण.
माझ्या लॅपटॉपवर त्याच
एल-सात, एल-अकरा, एल-एकोणीस, वाय-चार.

आज उद्दिष्टं भरायची आहेत.
पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला, ताई, सोपंय,
आधीच भरलेलं येतं, तुम्ही फक्त ओके करा.
आधीच भरलेलं : एका मादीमागे वर्षाला तीस पिल्लं.
कुठल्या मादीचं हे, मी विचारलं.
तो म्हणाला, डेन्मार्क.

तिकडे मे महिना कसा असतो?
आमच्याकडे सकाळी दहालाच पत्रा बोलायला लागतो,
आणि दुपारी मामलेदारीण
पाण्याच्या निपलला तोंड लावून नुसती उभी राहते,
पीत पण नाही.
माजावर आलेली माज विसरते.
फळली म्हणून टाकलेली नोंद
एकवीस दिवसांनी मीच खोडते.
या पडद्यावर ऊन टाकायला जागा नाही.

मी तीस खोडलं, अठरा लिहिलं.
सुपडूआप्पा पाठीमागून म्हणाले, बावीस कर,
अठरात शेडचा खर्च निघत नाही.
मग कांद्याच्या लिलावात तोडतात तसं
आम्ही दोघांनी वीसवर तोडलं.
जिच्या पोटाचा सौदा झाला ती भोपळी
मक्याच्या भरड्यात डोळ्यांपर्यंत बुडालेली.

दूध तोडायचं : अठ्ठावीस दिवस.
नव्वद किलो : एकशे ऐंशी दिवस.
किलोभर वजनामागे खुराक : तीन किलो.
भरत गेले पटापट.
हाताला सवय लागली की आकडा जड लागत नाही.

खाली अजून एक रकाना होता.
दूध तुटायच्या आत मरतुक : उद्दिष्ट, टक्के.
मी शून्य लिहिलं.
लाल चौकट आली : योग्य आकडा टाका.

दगाबाबा रात्रभर विण्याच्या पिंजऱ्याशी बसून आलेला.
लांबकानीला अकरा झाली,
एक तिच्याच अंगाखाली गेलं.
म्हणजे तिचे नऊ टक्के पहाटेच संपले.
बादली ठेवून तो माझ्यामागे उभा राहिला.
"कितला मरतीन असं लिखं?"
बारा टक्के, मी म्हणाले. सगळे बाराच धरतात.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
"त्या बारामान्हा कोनता, ते बी लिखनं पडस का?"
आणि बादली उचलता उचलता,
"मना पहिले चार गयात. म्हनीसन मनं नाव दगा."

मला रेशन दुकानातली यादी आठवली :
दगा, धुडकू, माझा आजा उखर्डू,
आणि सुपात घालून ओढलेले आमचे आप्पासुद्धा.
टाकून दिल्यासारखं नाव ठेवायचं,
सटवाईला वाटावं, हे कुणालाच नकोय.
हा रकाना आमच्याकडे
माणसाच्या नावातच भरलेला असायचा.

बारा खोडून मी अकरा केलं.
वीस माद्यांमागे एक टक्का म्हणजे
वर्षाला साडेचार पिल्लं.
अर्ध्याचं काय करायचं ते यंत्राला माहीत.
सेव्ह. पडदा हिरवा झाला.

बाहेर बल्बखाली दगाबाबा
सगळ्यात बारक्याला पोत्याने पुसत होता,
जोरात, भांडं घासल्यासारखं.
नाव काय ठेवलं याचं?
"आते नही. दूध तुटू दे पहिले."

आत येऊन नोंद टाकली :
एल-एकोणीस. जिवंत, दहा.