टेलचं पाणी

मोजे चढवायला सकाळची अकरा मिनिटं जातात.
आधी पावडर, मग टाच, मग पोटरीवरून इंच इंच.
भांडी घासायचे रबरी हातमोजे
भांड्यांपेक्षा ह्याच कामाला जास्त झिजलेत.
वर पोटाला पट्टा. आई म्हणाली, बाळंतिणीसारखा,
आणि गप्प झाली.
ते तर मला मनाईच आहे.

हृदयात दोन पंप हवेत तिथे माझ्याकडे एक.
चौथ्या वर्षी जोडणी बदलली. निळं रक्त आता
पंपाशिवाय, आपलं आपण फुफ्फुसांत जातं.
'आपलं आपण' डॉक्टर इतकं सहज म्हणाले
की अण्णांना हसू आलं.
जन्मभर डाव्या कालव्यावर पाटकरी.
आवर्तन सुटतं गंगापूरला,
पण वाटेत मुरतं, फुटतं, कुणी रात्री दार उचलतं,
टेलवाला नुसता वाट बघतो.
"पोरीची पावलं म्हणजे टेल," ते म्हणाले,
"आणि पाणी न्यायचंय चढावर."

कॅनडा कॉर्नरला तपासणी. सायकल, तोंडावर मास्क.
मोज्यांशिवाय सात मिनिटं दहा सेकंद.
पुढच्या मंगळवारी, मोज्यांसकट, सात बावन्न.
रुबीनाने आकडा दोनदा वाचला.
डॉक्टर म्हणाले, एका दिवसाचा आकडा,
त्यावर घर बांधू नका.
मी घर नाही बांधलं.
बेचाळीस सेकंद कुठे खर्चायचे तेवढं ठरवलं.

पांडवलेणी.
सहावीच्या सहलीत मी पायथ्याशी, डब्यांच्या राखणीला.
वर जाऊन आलेले म्हणाले, काही नाही गं, नुसते दगड.
आज डब्यांपाशी अण्णा.
मी वीस पायऱ्या, थांबा. वीस, थांबा. मग पंधरा.
एक बाई विचारते, एवढ्या उन्हात जाड मोजे?
म्हटलं, कालव्याचं अस्तरीकरण चाललंय.
ती सरकून बसली.

शेवटचं किती चढले ते मोजलं नाही,
ओठ निळे झाले असणार.
दगड होते. खरंच नुसते दगड.
आणि एका कडेला कातळात खोदलेलं टाकं,
तळाशी हिरवट पाणी,
एवढ्या उंचावर, कुठली मोटर नाही, पाइप नाही.

अण्णांना फोन लावला: इथे वर पाणी आहे.
ते म्हणाले, कुणी चढवलं?

श्वास जागेवर येईपर्यंत
मी फोन नुसता कानाशी धरून उभी.
पोटऱ्या आवळलेल्या,
कुणीतरी खालून दोन्ही हातांनी
घट्ट धरून ठेवल्यासारख्या.