न्यायची राहिलेली

गेटवरचा रखवालदार पावती उलटीसुलटी करून बघतो.
"शहात्तर साल? मॅडम, तेव्हा माझा बापही मुंबईत आला नव्हता."
मग हात लांब करून दाखवतो,
जणू कलिना त्या ताडामागेच आहे:
"डिग्रीचं सगळं तिकडे गेलं. इथं आता नुसती इमारत."

नुसती इमारत.

आई म्हणायची, टॉवरखाली ठेवलीय माझी पदवी,
सवडीनं आणू.
वेसाव्याहून निघायचं म्हणजे एक दिवस मोडायचा,
आणि दिवस मोडणं तिला
शंभराची नोट मोडण्याइतकंच जिवावर यायचं.

बहिःस्थ विद्यार्थिनी. मराठी आणि इतिहास.
वलांडीवर बोंबील, मांडीखाली पुस्तक.
वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, वास लागायचा तो लागलाच.
मी एकदा विचारलं, काळा झगा घालून कशी दिसली असतीस गं?
म्हणाली, "वकिलीण दिसली असती.
मंग भाव कोन करील माज्याशी?"

टॉवरवर दगडी माणसं उभी आहेत,
आपापल्या जातीच्या पागोट्यांत.
मान दुखेपर्यंत बघितलं.
त्यात कोळी आहे का, खालून कळत नाही.

सभागृह आज झाडायला उघडलंय.
मी सवयीनं चपला काढते.
झाडूवाली बाई हसते, "देऊळ नाय ते."

दारावर गोल खिडकी, काचेत बारा राशी.
मी माझी शोधत नाही, आईची तर तिलाही ठाऊक नव्हती.
मी मासळी शोधते.
आहे. जोडी आहे,
एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे.
आईनं कल्ला उघडून बघितला असता आधी.

"कुनाची पदवी म्हनालात?"

मी नाव सांगते. आईचं सांगायचं तर अर्धं कशाला,
"यमुना हरेश्वर टपके."
रिकाम्या खुर्च्यांवरून ते जरा मोठंच ऐकू येतं,
वर सज्जापर्यंत जातं.
झाडू थांबतो.
माझे हात कुठे ठेवायचे मला सुचत नाही.

बाहेर घड्याळ पाऊण तास झाल्याचं वाजवतं.
बाई सुपली उचलते, म्हणते,
"कलिन्याला एकदा जेवायची सुट्टी झाली
की खिडकी लवकर उघडत नाय.
आत्ताच निघा."