तिसऱ्या तिमाहीचं पत्र

ऑर्विल ह्रुस्का पत्र सांगताना खुर्चीत बसत नाहीत.
खिडकीशी उभे राहतात, हात मागे बांधून,
कोर्टहाऊसच्या हिरवळीवरल्या जुन्या तोफेकडे बघत.
तीन महिन्यांतून एकदा. मी टाइप करते.

लिंडल काउंटीच्या रहिवाशांनो,
उत्तरेकडच्या सव्वीस मैल रस्त्यांवर नवी खडी पडली.
ग्रेडरचं पातं बदललं.
तुरुंगाचं छप्पर आता गळत नाही.
‘फारसं’ घाल, ते म्हणतात. फारसं गळत नाही.
घालते.

आपत्कालीन फोनवर रात्रपाळीच्या दोन जागा रिकाम्या आहेत.
पगार ताशी सव्वा डॉलरने वाढवला आहे.
ज्याचा आवाज शांत आहे त्याने अर्ज करावा.
हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडतं,
पुटपुटून पुन्हा एकदा ऐकतात.

डासांची फवारणी मंगळवारी.
मधमाश्या पाळणाऱ्यांनी आधी कळवावं.
मालमत्ता कर वाढलेला नाही —
थांब. ‘कराचा दर’ म्हण.
घरांच्या किमती वाढल्या त्याला मी काय करू,
हे नको लिहूस.
हे लिहिलं नाही.

मग पूल.
पूल क्रमांक एकशे चौदा, स्वीडिश चर्चच्या खालचा,
अभियंत्यांच्या अहवालावरून कायमचा बंद करण्यात आला आहे.
ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर.
दोन कुणाची, एक कुणाचं, ते सांगत नाहीत.
इतिवृत्त माझ्याच हातचं आहे.
पहिला वर गेलेला हात यांचा होता.

त्या रात्री अर्डिस लुंडग्रेन पुढच्या रांगेत होती,
कोट न काढता, पर्स मांडीवर धरून.
बोलायला तीन मिनिटं मिळतात. तिने एकच घेतलं.
म्हणाली, नवरा पलीकडच्या नर्सिंग होममध्ये आहे,
चार मैल होतं, आता एकोणीस.
तो मला ओळखत नाही.
पण दुपारच्या जेवणाला कुणी आलं नाही
हे मात्र त्याला कळतं.
घंटी वाजायच्या आत ती खाली बसली.
तिची उरलेली दोन मिनिटं
सभागृहात कुणालाच वापरता आली नाहीत.

पर्यायी मार्गाचे फलक लावले आहेत, ते सांगतात.
लावले आहेत. पिवळेधमक. मी पाहिलेत.

माझे वडील चिखलीला तलाठी होते.
दप्तरात खोटं लिहू नये, म्हणायचे,
आणि खरं सगळं मावत नाही.
लहानपणी मला वाटायचं, कागद लहान असतो म्हणून.

बेवारस अंत्यविधी : या तिमाहीत एक.
खर्च अंदाजपत्रकाच्या आत.
ट्रक थांब्यामागे सापडलेला माणूस,
खिशात सिडार रॅपिड्सच्या लॉन्ड्रीची चिठ्ठी, बाकी काही नाही.
कागदावर सही घ्यायला मी दफनभूमीवर गेले होते.
खणणारे दोघे, आणि टोपी काढून उभे असलेले कमिशनर.
खड्ड्याशी ग्लॅडिओलसची जुडी होती.
तिची पावती त्यांनी कधी लावली नाही.
हेही पत्रात नाही.

“वाचून दाखव.” दाखवते.
ते तोफेकडे बघत ऐकतात.
पुलापाशी हात वर करतात.
“एकोणीस मैल घाल.”
घालते.
“नको, काढ. घाबरतील लोक.”
काढते.
खिडकीबाहेर कुणीतरी पार्किंगच्या मीटरवर थापटी मारतं,
नाणं अडकलं असावं. मीटरबद्दल काहीच लिहायचं राहिलं.
“घाल,” ते म्हणतात, माझ्याकडे न बघता.

मी घातलं.
आणि ते वळायच्या आत
तीन हजार एकशे प्रतींचं बटण दाबलं.
यंत्र आधी खोकलं, नेहमीसारखं,
मग कागद येऊ लागले, गरम,
एकोणीस, एकोणीस, एकोणीस.