इतिवृत्त

एकविसावं पत्र आज आलं, दोन ओळींचं:
'विषय महत्त्वाचा आहे, पण मी याच्या प्रेमात पडले नाही.'
मी काय मुलगी दाखवायला नेली होती?
लँकेशरमधल्या हॅदर्सली गावची बंद पडलेली आठ वाचनालयं,
त्यांच्या जागा कितीला गेल्या, कुणाच्या मेहुण्याला,
तीनशे पानं, तळटिपांसकट.

फोन फक्त एकीने केला, लंडनहून. रोवीना आर्कल.
म्हणाली, कागदपत्रं चोख आहेत, मिस्टर खांबेटे,
पण यात तुम्ही कुठे आहात?
आईचं काही? पहिला हिवाळा? फोडणीचा वास?

एकोणीस वर्षं मी कौन्सिलची इतिवृत्तं लिहिली.
चांगलं काम म्हणजे खोलीत आपण नसणं.
कोण बोललं, कोण गप्प बसलं, ठराव किती वाजता
आणि चेअरमनने बोट उचललं की पेन थांबवायचं:
'हे नोंदवू नका.'

रात्री माळ्यावरचे खोके उतरवले.
'हेही उपस्थित' याखाली माझं नाव,
टायपिस्टच्या मर्जीने कधी कंबेटी, कधी खाम्बेट,
एकदा नुसतंच 'लेखनिक'.
आणि माझ्या वह्यांच्या समासात पेन्सिलीचे ठिपके,
जिथे जिथे पेन थांबलं होतं तिथे.
मोजले. दोनशे चौदा.

बाईंना उत्तर लिहायला बसलो.
पहिलं वाक्य 'मी'ने सुरू करायचं होतं.
हाताने सवयीने लिहिलं,
'असे ठरले की'.

खोडलं.
चहा गार झालाय.