ओ

दर तीस सेकंदांनी एक हाक जाते.
ओ आली की रकाना हिरवा.
नाही आली तर पुन्हा हाक,
मग पिवळा, मग लाल,
मग मी.

विनिपेगमध्ये पहाटेचे पाच, बाहेर उणे चौतीस.
इंजिन गोठू नये म्हणून
गाडी पार्किंगमधल्या खांबाला वायरीने बांधून आलेय,
गोठ्यात बांधावी तशी.
आत दोनशे सहा माणसं आणि अकरा सर्व्हर,
माझ्या पडद्यावर एकाखाली एक.

माणसं मी त्यांच्या तुटण्यावरून ओळखते.
स्टाइनबाखचा थीसेन जेवायला उठतो तेव्हा
रीतसर बाहेर पडतो, कडी लावून.
डॉफिनची ओरिसिया निरोप घेत नाही,
सरळ प्लग उपटते.
एक जण दिवसातून चाळीसदा येतो-जातो,
सौदा एकही नाही.
त्याची मला काळजी वाटते,
पण काळजीला रकाना नाही.

आणि गिमलीचा आयनार बार्डाल,
गोठलेल्या तळ्याच्या काठी एकटा,
त्याच्या ओवर घड्याळ लावावं.

त्या मंगळवारी सगळं हिरवं होतं.
कॅनोला, म्हणजे मोहरीची चुलत बहीण,
सकाळपासून घसरत होती.
कुठल्याशा बंदरावरून कसलीशी बातमी.
टनामागे अकरा डॉलर, मग चौदा.
सगळ्यांच्या ओळी फोडणीत पडल्यासारख्या तडतडत होत्या.
आयनारची ओळ हिरवी
आणि गप्प.

खोलात गेले.
हाका मारणारा सर्व्हर त्याच्याशी नीट बोलत होता.
भाव सांगणाऱ्या सर्व्हरचा धागा
सहा बावन्नलाच सुटलेला,
आणि दोन्ही टोकांना पत्ता नव्हता.
खुशाली रोज कळते
आणि बातमी एकही नाही,
असं घरांमध्येही होतं.
मनिलाला मी दर रविवारी फोन करते.

"मिस्टर बार्डाल, तुमच्याकडे काय भाव दिसतोय?"
त्याने सांगितला. सहा बावन्नचा.
भिंतीवर पावणेअकरा.

"हललाच नाही," तो म्हणाला.
"इतकी वर्षं झाली, असा शांत बाजार पाहिला नव्हता.
मुलीला पत्र लिहिलं.
बर्फात भोक पाडून गळ टाकलेल्या शेजाऱ्याला हात केला.
कॉफी चक्क गरम असताना प्यायलो."

नियम मला पाठ आहे:
तोडा, जोडा, राहिलेले क्रमांक मागवा, नोंद करा.
बोट कळीवर होतं.
"जोडू का?" मी विचारलं.
विचारायचं नसतं खरं तर.

फोनमध्ये वारा आला, किंवा त्याचा श्वास.
"किती राहिलेत?"
"आठ हजार एकशे चौदा निरोप."
"वाईट आहेत?"
भाव सांगणं माझ्या कामात बसत नाही.
मी गप्प राहिले.
ते त्याला ऐकू गेलं.

"जोड, मारिविक. फक्त फोन ठेवू नकोस."

आठ हजार एकशे चौदा
चार सेकंदांत गेले.
तिकडे खुर्ची सरकली.
कळा बडवल्याचा आवाज,
मग कपबशी,
मग काहीच नाही.

मी घड्याळ पाहत होते.
सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.
हाक मारावी तर कोणत्या नावाने,
मिस्टर बार्डाल की नुसतं आयनार,
इतक्यात

"आहे मी,"
तो म्हणाला.

रकाना हिरवाच होता. मघासारखा.

नोंदीत लिहिलं,
खंड: तीन तास त्रेपन्न मिनिटं.
कारण: तपास चालू.
परिणाम ह्या शब्दापुढे बराच वेळ बसले,
काही सुचेना,
जागा तशीच सोडली.
दुपारच्या पाळीला आलेल्या वेंडेलने
कोट काढता काढता
तिथे 'नाही' भरलं.